डोळे सोडून बाकी सगळं

जूनचा पहिला आठवडा आला की माझे तळहात गार पडतात. बाहेर विदर्भातलं ऊन असतं, कूलर नुसती दमट वाफ फेकत असतो, चपलेच्या तळातून रस्ता भाजतो, आणि हात मात्र गार. कारण खालच्या रस्त्यावरून कला महाविद्यालयाच्या मुलाखतीला मुलं जायला लागलेली असतात. काखेत मोठाल्या काळ्या फाईली, बरोबर आई नाहीतर बाप, बापाच्या हातात पाण्याची बाटली. तापानं फणफणलेल्या पोराला दवाखान्यात नेताना धरावं, तशी ती फाईल धरलेली असते. फाईलला ऊन लागू नये म्हणून स्वतः उन्हाच्या बाजूनं चालणारी एक मुलगी परवा बघितली. मी खिडकी लावून घेतली. कुठल्या वाटेनं जायचं ते तिला सांगायला हवं होतं, कळतं मला. पण त्या दिवसांत मी खाली उतरत नाही.

माझ्या भीतीला वास आहे. ओलं प्लास्टर, टर्पेंटाईन आणि एसटीच्या सीटचं तापलेलं रेक्झिन. हे तीन वास एकत्र आले की मी पुन्हा पेणला असते, आणि मुलाखतीला अकरा दिवस उरलेले असतात.

शाळा मला कोणी सोडायला लावली नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक ऐकताना आधीच हळहळायला लागतात. रोह्याच्या अलीकडे आमचं गाव. पावसात भात, भात कापला की त्याच ओलीवर वाल. खायला-ल्यायला कमी नव्हतं. नववीत मी गणितात राहिले. धाकटी बहीण आठवी पास होऊन वर आली आणि आम्ही दोघी एकाच वर्गात आलो. पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, आमची नावं पाठोपाठ आली, मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. आज वाटतं, ते दुसऱ्याच कशाला तरी हसलं असेल. दुसऱ्या दिवशी मी दप्तर खुंटीला लावलं आणि बाबांना म्हटलं, पेणला मावशीकडे जाते.

"किती दिवस?"

"बघते."

ते बघणं सहा वर्षं चाललं.

मावशी गणपतीच्या कारखान्यात होती. तिथे एक मूर्ती एका हाताची नसते. साच्यातून काढणारे वेगळे, पॉलिश पेपरनं घासणारे वेगळे, अंगाचा रंग मशीननं मारणारा वेगळा. पीतांबर एकाचा, दागिने दुसऱ्याचे. माझ्याकडे शेल्याचे काठ आले. बारीक ब्रशनं सोनेरी रेघ, तिच्याखाली हिरवी, मधे ठिपके. सकाळी बसले की दुपारपर्यंत नुसते काठ. पापण्यांवर पांढरी धूळ बसायची, त्यामुळे आम्ही सगळ्या जणी म्हाताऱ्या दिसायचो आणि एकमेकींना आजीबाई म्हणायचो. मला ते काम आवडायचं. तिथे कोणी गणित विचारत नव्हतं, आणि मान वर करायची गरज नव्हती.

डोळे मात्र सुमनकाकीचे. त्याला आखणी म्हणतात. काकी दाराशी बसायची, उजेडाला. तिच्याकडे मूर्ती जायची ती सगळं झाल्यावर, अगदी शेवटी. आणि एक रीत होती. डोळे लागले की त्या मूर्तीला दुरुस्तीसाठी कोणी हात लावायचा नाही. नवीन असताना एकदा माझ्या काठाची एक रेघ वाकडी गेलेली मला उशिरा दिसली. मूर्ती काकीच्या हातून होऊन फळीवर गेली होती. मी ब्रश घेऊन उठले, तशी काकी ओरडली, "बस खाली! तो बघतोय ना आता. बघणाऱ्याच्या अंगाला खरवडतात व्हय?"

ती वाकडी रेघ कोणाच्या तरी घरी पाटावर बसली, दहा दिवस आरत्या ऐकून पाण्यात गेली. मी मात्र एक गोष्ट शिकले. डोळे नाहीत तोवर सगळं सुधारता येतं.

पाटील सर रोह्याचे, तिथल्या एका शाळेतले चित्रकलेचे सर. मुलांना कारखाना दाखवायला घेऊन आले होते. मुलं मूर्ती बघत होती आणि सर माझ्यामागची भिंत बघत होते. ब्रश पुसायला मी तिथे वर्तमानपत्रं लावून ठेवायची, आणि हाताला चाळा म्हणून त्यावर बसलेल्या बायका काढायची. घासणारी, पाणी पिणारी, पाठ खाजवणारी.

"हे कोणी केलं?"

"चुकून झालं," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. मुलांना बाहेर पाठवून त्यांनी मला शिक्षण विचारलं. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. शाळेत न बसता दहावीच्या परीक्षेला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो, हे त्यांनीच सांगितलं. पुढची तीन-साडेतीन वर्षं मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात एवढंच, की गणिताच्या पेपरला काकीनं मला सुट्टी मागून दिली आणि माझे काठ स्वतः रंगवले, आणि निकालाच्या दिवशी सरांच्या बायकोनं, आम्ही त्यांना ताई म्हणायचो, वालाचं बिरडं करून डबा पाठवला. बारावीही अशीच झाली. मग सर म्हणाले, यंदा.

यंदा म्हणजे कला महाविद्यालय. विदर्भातल्या एका कॉलेजात मुलाखत घेऊन आणि फाईल बघून प्रवेश देत होते. पोर्टफोलिओ म्हणजे काय, ते सरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. "तू कोण आहेस, ते तू बोलायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे. वीस चित्रं. वस्तू, झाडं, जागा, पण निदान आठ तरी माणसं."

तू कोण आहेस!  नापास व्हायला मी घाबरत नव्हते, त्याची मला सवय होती. मी घाबरत होते परत येऊन सांगायला. ऐन सीझनला मालकांनी मला रविवारी पूर्ण आणि बुधवारी अर्धा दिवस सोडलं होतं. माझ्या वाटणीचे काठ बाकीच्या जणी ओढत होत्या आणि वर म्हणत होत्या, "जा गो, मोठी हो, मग आमाला वळख देऊ नको." इतक्या माणसांचं आपल्याकडे काही ठेवलेलं असलं, की ते फुटू नये म्हणून चालतानासुद्धा पाऊल जपून पडतं. कारखान्यातल्या फळ्यांमधून मूर्ती घेऊन चालतो तसं.

दर रविवारी पेणहून रोह्याची एसटी. गडबला गाडी थांबायची, भाताच्या मळ्या तेव्हा पेरणीआधी भाजून काळ्या झालेल्या असायच्या. नागोठण्याला कंपनीच्या शिफ्टची माणसं चढायची आणि उभ्या-उभ्या झोपायची. मी त्यांना काढायची. रोह्याला उतरले की आधी बाजारात बसायचं, दोन तास माणसं काढायची, मग कुंडलिकेच्या काठाला सरांच्या घरी. हात चालत होता. मनगटं, गाठोडी, पदर, फेट्याचे पीळ, सगळं पटापट यायचं. पदराचे काठ तर असे यायचे की सर बघतच राहायचे. वही भरत होती, आणि मला वाटायला लागलं होतं, की होईल कदाचित.

बाजाराच्या तोंडाशी सुकट-बोंबील विकणारी एक बाई बसायची. खाडीकडची, धरमतरच्या बाजूची. मी तिला तीन रविवार काढलं होतं, तिच्या नकळत, असं मला वाटत होतं. चौथ्या रविवारी तिनं हाक मारली.

"ये गो, हिकडं ये. काय लिवतेस रोज माझ्याकडं बघून? म्युन्सिपाल्टीची हायस?"

मी वही दाखवली. तिनं हात पदराला पुसून वही घेतली, लांब धरली, जवळ धरली. शेजारच्या भाजीवालीला दाखवली. मग माझ्यावर डोळे वटारले.

"आणि माझे डोले कुठं गेले? खाल्लेस?"

मी वहीत बघितलं. नाक होतं, नथ होती, कपाळावरच्या तीन आठ्या होत्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद.

"मी काय आंधली हाय? दिसत नाय तर पैसं कशी मोजते गो मी?"

भाजीवाली खो खो हसत होती. मीही हसले, वही घेतली आणि मागची पानं उलटली. शिफ्टवरून येणारा माणूस. डोळे नाहीत. पाणी पिणारी बाई. नाहीत. एसटीचा कंडक्टर, सरांच्या घरच्या ताई, माझी मावशी, माझी स्वतःची आई. एकालाही डोळे नव्हते.  चाळीस-पन्नास माणसं मी काढली होती, आणि त्यांतलं एकही मला बघत नव्हतं.

सरांनी सगळी वही पहिल्यापासून उलटली. त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, मी घाईघाईत काढलेली टिपणं आहेत, पक्की चित्रं पुढे करेन.

"अगं, डोळे का नाहीत?"

"ते शेवटी असतात सर."

"बरं. मग शेवटी कोण काढणार होतं?"

मी खरं तेच बोलले. "सुमनकाकी."

सर मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. ताई आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दाराशी उभ्या राहिल्या. "अकरा दिवस आहेत," सर म्हणाले. "घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हटलं की मी आणखी घाबरते. ती सवय अजूनही गेलेली नाही. अजूनही कोणी समोर बसून बोलायला लागलं की माझी नजर त्याच्या खांद्यावर जाऊन बसते. माणसाचा खांदा मी चटकन ओळखते. चेहरा मला नंतर आठवून काढावा लागतो. त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की मी शाळा सोडल्यापासून कोणाकडे सरळ बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर त्यांनीही मला बघितलं असतं.

पक्क्या कागदांवर मी चेहरे परत काढले आणि डोळ्यांपाशी येऊन अडले. पेन्सिल टेकवली की वाटायचं, आता हे माणूस बघायला लागणार, मग याला काही सुधारता येणार नाही. एक कागद खोडून खोडून भोक पडेपर्यंत घासला. दुसऱ्यावर आईचा एक डोळा आला आणि दुसरा आलाच नाही. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी मी जे केलं ते अजून आठवलं की कान तापतात. सुकटवालीचं चित्र मी कारखान्यात नेलं आणि काकीपुढे ठेवलं.

"काकी, एवढे डोळे काढून दे."

काकीनं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चोरी आहे, परीक्षा आहे, तिच्या डोक्यात यातलं काही आलं नसावं. सहा वर्षं मी काठ काढले, तिनं डोळे काढले. तिच्या हिशेबी हे रोजचंच काम होतं. तिनं पेन्सिल नको म्हटलं, आपला बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, श्वास धरला आणि चार ओढींत दोन डोळे उतरवले.

फार सुंदर होते ते. लांब, शांत, किंचित खाली झुकलेले. सुकटवाली आशीर्वाद देत होती.

मागे जमलेल्या बायकांमधून आधी एक फुसकन आवाज आला. मग सगळ्याच सुटल्या.

"अगो बाय, मावरंवाली देवी झाली!"

"हात वर करून दाखव गो तिचा! आणि बोंबलाच्या जागी मोदक!"

काकीही हसली. पोट धरून हसली. मग चित्र परत जवळ ओढून तिनं बघितलं, आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. "दुसरे येतच नाय माझ्या हाताला," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तवापास्नं हेच काढत आले. माझ्या पोरीचं तोंड काढायला सांगितलं ना, तर तिलापण हेच लागतील." तिनं ब्रश पाण्यात बुडवला. "तू जाऊन बघ गो तिच्याकडं. मी कवा बघितलीय तिला?"

मी घाबरले ते तेव्हा खरी घाबरले. काकीसारखा हात आख्ख्या पेणात नव्हता. त्या हाताला जर एकाच तऱ्हेचे डोळे येत असतील, तर माझ्या हातात सहा वर्षांचे काठ सोडून काय आहे?

शुक्रवारी मी मालकांना न विचारता रोह्याला गेले. सुकटवालीसमोर बसले, कागद मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "मावशी, तुमच्याकडे बघायचंय."

"बघ की. फुकट हाय."

बघितलं. उजव्या डोळ्याची पापणी डावीपेक्षा खाली होती. बुबुळाच्या कडेला निळसर गोल, म्हातारपणाचा. पांढऱ्या भागात पिवळट डाग, मिठाच्या वाऱ्याचा असेल. त्या डोळ्यांत शांत काहीच नव्हतं. ते एकाच वेळी माझ्यावर, वजनावर, समोरच्या मांजरावर आणि रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकावर होते. आणि ते मला बघत होते. माझी मान तीनदा खाली गेली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मी खाणार नाय गो तुला. मला मावरं पुरतं."

दोन तास लागले. रेषा थरथरली होती, पापणी जास्तच पडली होती, काकीनं काढलेल्या डोळ्यांपुढे ते डोळे म्हणजे पोरानं मारलेल्या रेघोट्या होत्या. पण ती बघत होती. पुढच्या चार दिवसांत मी आणखी सात माणसांना असं समोर बसवलं. प्रत्येक वेळी हात गार, प्रत्येक वेळी तोंड कोरडं. भीती कमी झाली असं म्हणणार नाही. तिच्याबरोबर काम करता येतं एवढंच समजलं.

फाईल लावताना सरांनी काकीच्या डोळ्यांचं चित्र बाजूला काढलं. "हे नको." मी बरं म्हटलं. आणि घरी येऊन ते परत तळाशी सरकवलं. ते नसतं तर एकोणीसच होत होती, हे मी स्वतःला सांगितलं. खरं असं, की सगळ्या फाईलीत सुंदर म्हणावं असं तेवढं एकच होतं, आणि ते सोडून जायची माझी हिंमत नव्हती.

मुलाखतीला मावशी बरोबर आली. आख्खी रात्र आणि अर्धा दिवस रेल्वेत बसून. खोलीत टेबलामागे तिघे, मधे चष्म्याच्या एक मॅडम. त्या कागद उलटत गेल्या. पंखा फिरत होता, कागदांचे कोपरे उडत होते, मी मॅडमच्या खांद्याकडे बघत होते. शेवटचा कागद आला आणि त्यांचा हात थांबला.

"वा," त्या म्हणाल्या. शेजारच्या दोघांकडे चित्र सरकवलं. "हे सगळ्यात सुरेख. रेषेवर ताबा बघा. एका दमात काढलेत हे डोळे."

तिघंही माझ्याकडे बघून हसले. मी गप्प बसले असते तरी मला खोटं बोलावं लागलं नसतं. कोणी काही विचारलं नव्हतं. मला बाबा आठवले नाहीत, सर आठवले नाहीत. मला काकीचा धरलेला श्वास ऐकू आला, आणि वाटलं, हा जर मी माझा म्हणून घेतला, तर मी तिच्याकडे पुन्हा कधी बघू शकणार नाही.

"ते माझे नाय," मी म्हटलं. "डोळे माझे नाहीत. बाकी सगळं माझं आहे. डोळे आमच्या कारखान्यातल्या काकींचे आहेत." आणि मी त्यांचं नाव सांगितलं.

पंखा फिरत राहिला. मॅडमनी चष्मा काढला. "मग तुमचे कुठले?"

मी थरथरत्या रेषेची सुकटवाली वर काढली. त्यांनी खूप वेळ बघितलं.

"ही तुमच्याकडे बघतेय का?"

"माझ्याकडे बघत होती. मग गिऱ्हाईक आलं."

मॅडमशेजारचे एक सर खुदकन हसले. "ठीक आहे, बाहेर बसा."

बाहेर मावशीनं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अगो, पण त्यांनी इचारलं होतं का?"

"नव्हतं विचारलं."

"मग तोंड कशाला उघडलंस? येवढ्या लांब आणलीस मला!" आणि थोड्या वेळानं, पिशवीतून चपाती काढत, "खा. उपाशी रडू नको."

संध्याकाळी यादी लागली. मी उठले नाही. मावशी गेली, वाचायला तिला वेळ लागतो, काचेवर बोट ठेवून ती एकेक नाव उतरत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत होते. मग ती वळली. तिच्याकडे मी सरळ बघितलं, बघावंच लागलं.

सरांना फोन केला. त्यांनी ऐकून लगेच फोन ताईंच्या हातात दिला. बाबांना केला, ते "बरं बरं बरं" एवढंच म्हणत राहिले. मग कारखान्यात. हा फोन मला लावायचा नव्हता. चार ओढींत काढून दिलेले डोळे मी नाकारले, असं तिला वाटलं तर?

"मिळालं?" काकीनं विचारलं.

"मिळालं."

"चल, सुटलीस." मागे मशीनचा घरघर आवाज येत होता. "ते कोळणीचं नेलं होतंस?"

"नेलं होतं."

"अगो येडे! हसले असतील."

"हसले नाय काकी. सगळ्यात सुरेख म्हणाले. एका दमात काढलेत म्हणाले."

मशीन बंद झालं. 

"तुझे समजून म्हणाले असतील."

"आधी माझेच समजले. मग मी सांगितलं, तुझे म्हणून."

"माझं नाव घेतलंस? तिथं?"

"घेतलं."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

तिकडून कोणीतरी विचारत होतं, काय झालं गो, काय म्हणते पोरगी. काकीनं त्यांना गप्प केलं. "थांब," ती मला म्हणाली, "फोन मोठ्या आवाजावर टाकते. आता पहिल्यापासून बोल. हळूहळू बोल, ह्या सगळ्यांना ऐकू येऊ दे."